गांडुळाच्या मानेखालची गाठ

गांडुळाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, हे मला एकोणिसाव्या वर्षापर्यंत ओळखता येत नव्हतं. त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण मी तेव्हा जुन्नरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते, माझ्या जर्नलमध्ये गांडुळाच्या बाह्यरचनेची आकृती होती आणि तिला दहापैकी नऊ मार्क होते.

ती आकृती कशी काढली तेही सांगून टाकते, आता मला कोण नापास करणार आहे! वरच्या वर्गातल्या एका ताईचं जर्नल आणायचं, खिडकीच्या काचेला टेकवायचं, वर आपला कोरा कागद धरायचा आणि मागून येणाऱ्या उजेडात पेन्सिल फिरवायची. शंभरावर वलयं, प्रत्येकावर बारीक काट्यांची रांग, चौदा ते सोळा या वलयांवर एक रुंद पट्टा, चौदाव्यावर मादीचं एक छिद्र, अठराव्यावर नराची दोन. ताईच्या पेन्सिलीचा एक चुकार फराटा विसाव्या वलयाशी गेला होता. आमच्या अख्ख्या वर्गाच्या गांडुळांना तो फराटा होता आणि सरांनी सगळ्यांना लाल शाईची सही दिली होती. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, घरात फोनसुद्धा नव्हता, आणि शास्त्र असं काचेतून काचेत पुढं जायचं.

खरं गांडूळ मी पाहिलं नव्हतं असं नाही. लहानपणी, नव्वदच्या आसपास, रानात पाणी भरताना वाफ्यातून गांडुळं वर यायची आणि बगळे मागं मागं चालायचे. भाऊ ती उचलून गळाला लावायचा आणि मुद्दाम माझ्या अंगावर धरायचा. मी किंचाळत बांधापर्यंत पळायचे. तेवढीच आमची ओळख. किळस म्हणजे काय, तर मला गांडूळ आठवायचं. मग प्राणिशास्त्र का घेतलंस, असं विचाराल तर गणित येत नव्हतं म्हणून.

आमचं गाव कळंबच्या थोडं पुढं, हमरस्त्यापासून आत. सकाळी पावणेसातला एसटी यायची. नारायणगावला उतरून जुन्नरची दुसरी धरायची. पहिली चुकली की दिवस गेला. त्यामुळे सकाळी साडेसहा ते पावणेसात या पंधरा मिनिटांत मी घरात कुणाशीही माणसासारखी बोलत नसे. वेणी, डबा, पास, जर्नल, आणि चप्पल कुठंय म्हणून आरडाओरडा. "कालेजात काय शिकिवत्यात कुणास ठावं, बोलायचं तर न्हाई शिकिवत," असं वडील म्हणायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

त्याच वर्षी आषाढात आईच्या बचत गटाच्या बायका ओझरला शिबिराला गेल्या. आधी विघ्नहराचं दर्शन, मग एका हॉलमध्ये गांडूळखताची माहिती, आणि शेवटी ज्यांना हवी त्यांना गांडुळं. नऊ बायका गेल्या होत्या. गांडुळं घ्यायला पुढं झाली ती एकटी आई. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं ते गाठोडं तिनं येताना जीपमध्ये मांडीवर धरलं होतं. शेजारी बसलेल्या पावण्यानं "काय मावशी, परसाद का?" म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "हां, पर तुमाला देता यायचा न्हाई."

आईबद्दल एक सांगायला हवं. ती चौथी शिकलेली, पण कांदा निवडण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. आमच्याकडं उन्हाळ्यात कांदा निघाला की तो बराकीत भरतात. बराक म्हणजे बांबूच्या तट्ट्यांची लांबोळकी खोली, आरपार वारं जाईल अशी. त्यात कांदा चार-सहा महिने टिकवायचा, तर भरण्याआधी निवड चोख लागते. जोड कांदा बाजूला, फुलाचा दांडा आलेला डेंगळा बाजूला, मान जाड असलेला बाजूला, खरचटलेला बाजूला. एक नासका आत गेला की आजूबाजूचे दहा घेऊन बसतो. आई दोन्ही हातांनी निवडायची, आणि तेही बायकांशी बोलत, कांद्याकडं न बघता. नुसतं बोट लागलं की तिला कळायचं. तिच्या हातचा कांदा दिवाळीपर्यंत खडखडीत राहायचा. लोक हंगामात मुद्दाम बोलवायला यायचे. शेंगा असोत, बी असो, तांदूळ असोत, तिच्यापुढं काही ठेवलं की तिचे हात निवडायला लागायचे.

तर अशा बाईनं गोठ्यामागं जांभळाखाली खड्डा केला. शेण, पाला, वर गांडुळं, वर ओलं गोणपाट. जागा देताना दादांनी कटकट केलीच. त्यांना तिथं दुसरी बराक बांधायची होती. "घरात आल्यागेल्याला सावली न्हाई, आन् ह्या गांडवळांना मांडव!" म्हणाले. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं ते असं: दिवाळीच्या पाडव्यापर्यंत खड्डा आईचा. तोवर कांद्याच्या लागणीला घालण्याजोगं खत झालं, तर खड्डा कायमचा राहील. आईच्या हातनं नाहीच जमलं, तर दादा तो बुजवणार आणि बराकीचे खांब रोवणार.

ऐकायला हा व्यवहार छोटा वाटेल. पण आमच्या घरात रान दादांचं, गाई दादांच्या, कांदा दादांचा, आणि भाकरी तेवढी आईची. ती चार बाय दहाची जागा ही तिची पहिली स्वतःची वस्तू होती. रोज सकाळी चुलीआधी ती गोणपाट उचलून बघायची. सासरी गेलेल्या लेकीचं पत्र वाचावं तसा तिचा चेहरा व्हायचा. मला तर हेवा वाटायचा गांडुळांचा.

श्रावणातली गोष्ट. साडेसहा वाजून गेले होते, मी आरशापुढं वेणी घालत होते, आणि आई दारात आली. तळहातावर एक गांडूळ.

"बघ गं जरा. ह्याच्या मानंखाली गाठ आलीया. फिकट हाय, फडकं बांधल्यावानी. अजून बी पाच-सहांना हाय. आजारी हायत का काय?"

मी आरशातनंच बोलले. "आई, ते आधी बाहेर ने!"

"आगं पर बघ तरी. तुझ्या पुस्तकात आसंल की."

"असेल काहीतरी रोग. काढून टाक ती, नाहीतर सगळ्यांना लागेल."

हे मी कसं बोलले ते मला अजून ऐकू येतं. दवाखान्यातले डॉक्टर वर न बघता चिठ्ठी लिहितात ना, तसं. एवढं बोलून मी केसाला रबर लावलं आणि एसटी गाठली. त्या दिवशी बसायला जागाही मिळाली, हेही मला आठवतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली पोर मी, उंटावरून शेळ्या हाकायला मला पंधरा मिनिटं पुरली.

आईनं मात्र माझा शब्द कांद्यासारखा निवडायला घेतला. एक आड एक दिवस ती खड्ड्याशी उकिडवी बसायची, वरचा थर हातानं चाळायची आणि गाठवाली वेगळी काढायची. निवडीत तिचा हात चुकायचा नाही, हे मी सांगितलंच. गाठ नुसती धरायला लागलेलीही तिच्या बोटांना कळायची. काढलेली ती फेकून देत नसे, कोंबड्यांना घालायची. आमच्या चार कोंबड्या त्या श्रावण-भादव्यात अशा तुकतुकीत झाल्या की बघत राहावं. अंडीही जोरात. रविवारी मी दोन-दोन अंड्यांची पोळी खायचे आणि आईला म्हणायचे, "यंदा कोंबड्या छान आहेत गं."

खड्डा मात्र उतरणीला लागला. गणपतीपर्यंत गोणपाट उचललं की वळवळ दिसायची, ती नवरात्रात विरळ झाली. जी होती ती बारकी, दोऱ्यासारखी. शेण वर जसंच्या तसं. शिबिरात सांगितलं होतं की तयार खत चहाच्या पावडरीसारखं सुटं होतं. आमचं शेण चिखलासारखं चिखलच. आईला वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून कमी केलं. मग वाटलं कमी झालं, म्हणून वाढवलं. मुंग्यांसाठी भोवती हळद टाकली. गाईचं शेण बदलून शेजारच्या बैलाचं आणलं. आणि निवड अजून कडक केली.

या जखमेवर मीठ चोळायला माझी चुलती होती. आमच्या घराला घर लागून तिचं घर, आणि तिच्याइतकी आळशी बाई मी अजून पाहिलेली नाही. आईकडनं तिनं मूठभर गांडुळं नेली होती, ती परसात एका फुटक्या हौदात टाकली, वर खरकटं आणि पाला ओतला आणि विसरून गेली. दसऱ्याला तिनं सहज हौद उकरला, तर आत पाटीभर काळं सुटं खत, आणि गांडुळं तर नुसती बुचबुचलेली.

ती आईला बोलवायला आली. आईनं वाकून बघितलं आणि विचारलं, "तू गाठवाली काढतीस का गं?"

"मला कुठं यवढा येळ! हायती तशी हायती. त्यांचं ती बघत्यात."

"काढत जा. रोग लागंल सगळ्यांना. आमच्या पोरीनं सांगितलंय, ती तेच शिकती."

हे आईनं घरी येऊन मला अभिमानानं सांगितलं. मी चुलतीला मोलाचा सल्ला पाठवल्यासारखी मान हलवली. सुदैवानं चुलतीनं तोही सल्ला आळसानं पाळला नाही.

दादांना तर विषयच मिळाला. "एकीचं बघून चालतंय, दुसरीचं न बघता पळतंय," म्हणायचे. "तू त्येंना लई हात लावतीस. जीव घाबरून मेली आसतील." आई उलट बोलायची नाही. पाडव्याला पंधरा दिवस होते, मग दहा राहिले. सुतारानं बराकीच्या खांबांचं माप नेलं. आई त्या दिवसांत जेवणावर बसली की मध्येच थांबायची. एकदा मला म्हणाली, "मला कांदा कळतो गं. ह्यो मुका जीव कळंना." तिचा आवाज बारीक झाला होता. मला वाईट वाटलं, पण माझी परीक्षा जवळ आली होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, गांडुळंच तर आहेत.

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राचं प्रॅक्टिकल होतं. लॅबमध्ये एरवी फॉर्मॅलिनच्या बरणीतलं पांढुरकं गांडूळ असायचं. त्या दिवशी शिपाईमामांनी कॉलेजच्या बागेतनं जिवंत खणून आणली होती, प्रत्येक ट्रेमध्ये एक. माझ्या ट्रेमधलं चांगलं वीतभर होतं. मी दोन हात लांब उभी.

सर आले. म्हणाले, "तोंड कुठलं?"

मी अंदाजानं एक टोक दाखवलं.

"बोट फिरव."

"सर?"

"अगं बोट फिरव त्याच्यावरून. काय करतंय तुला? दात आहेत का त्याला?"

डोळे अर्धे मिटून मी बोट टेकवलं. गार आणि ओलं. एका बाजूनं फिरवलं तर गुळगुळीत. सर म्हणाले, आता उलट. उलट फिरवलं, तर बोटाला खरखर लागली, दाढीचे खुंट लागावेत तशी. ज्या काट्यांची रांग मी काचेवर गिरवली होती, ते हे. टोकं मागं वळलेली असतात, म्हणून शेपटाकडनं तोंडाकडं जाताना खरखर. मी दाखवलेलं टोक शेपटाचं होतं. पाठीवरून एक काळपट रेघ गेलेली, पोटाची बाजू फिकी. हे सगळं माझ्या जर्नलमध्ये होतं, आणि मला ते त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. किळस कुठं गेली कुणास ठाऊक. मला ते आवडायला लागलं होतं.

"आणि हे?" सरांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. तोंडापासून थोडं मागं, अंगावर एक गुळगुळीत रुंद पट्टा. तिथं वलयांच्या रेघाच नव्हत्या. फडकं गुंडाळल्यासारखं.

मी धडाधडा म्हटलं, "क्लायटेलम सर. चौदा ते सोळा. यातून कोष तयार होतो, कोषात अंडी असतात."

"शाब्बास. आणि एखाद्या गांडुळाला हा पट्टाच नसेल तर?"

मी जर्नलकडं हात नेला.

"तर ते लहान आहे. पट्टा आला म्हणजे वयात आलं, आता पिल्लं होणार. खताच्या गांडुळात तर हा चांगला फुगीर आणि फिकट दिसतो. जरा मागं असतो, एवढंच. तुम्ही सगळी शेतकऱ्यांची मुलं, घरी बघत नाही का?"

सर पुढच्या ट्रेकडं गेले. मी तिथंच उभी. फडकं बांधल्यावानी. हे शब्द आईचे होते. मराठी पुस्तकात या पट्ट्याला पर्याणिका म्हणतात, इंग्रजीत क्लायटेलम, आणि त्या दोन्ही शब्दांपेक्षा आईनं दारात उभं राहून केलेलं वर्णन अचूक होतं. तिनं बरोबर तो अवयव तळहातावर धरून मला दाखवला होता आणि मी त्याला रोग म्हटलं होतं. अडीच महिने ती बाई खड्ड्यातली वयात आलेली एक-एक लेकुरवाळी वेचून कोंबड्यांना घालत होती. आणि पोळी मी खात होते.

मला वीसपैकी अठरा मिळाले.

परतताना नारायणगावच्या स्टँडवर तासभर बसले. मनात एक गोष्ट स्वच्छ होती: मी गप्प राहिले तर कुणालाच कधी कळणार नाही. पाडवा आठ दिवसांवर आलाय, खड्डा बुजेल, बराक उभी राहील आणि सगळे म्हणतील आईला नाही जमलं. बाईमाणूस, हौस केली, नाही जमलं. मी हा विचार कळंब येईपर्यंत केला. केला नाही असं म्हणून आज चांगलं कशाला दिसू!

घरी आले तर आई खड्ड्याशीच. शेजारी नारळाची करवंटी, तळाशी दोन गांडुळं. पट्टेवाली.

मी दप्तर न ठेवताच म्हटलं, "आई, ती घालू नकोस कोंबड्यांना."

आणि सगळं सांगितलं. गाठ नाही, पट्टा. रोग नाही, वय. पट्टा असतो त्यांनाच पिल्लं होतात. ती ऐकत होती. करवंटीतली दोन्ही तिनं अलगद खड्ड्यात सोडली आणि वर शेण ओढलं.

"म्हंजी त्या सगळ्या बाया व्हत्या?"

"बाई आणि बुवा दोन्ही एकाच अंगात असतं आई त्यांच्यात."

आईनं माझ्याकडं बघितलं. "बरंय की मंग. घरात भांडान न्हाई." आणि तिला हसू आलं. मलाही आलं, आणि त्यातच मला रडू फुटलं. ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "चल, च्या टाकते. उपाशी आसशील."

चूक माझी, हे तिनं उच्चारलंही नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. दादांनी विषय काढला. सुतार विचारत होता, खड्डा कधी बुजवणार म्हणून. "तुझं काय म्हणणं? हाय का काय खतबित?"

"न्हाई," आई म्हणाली. "माझ्याच हातनं चुकलं. चांगली व्हती तीच काढून टाकली मी. बुजवा."

दादांनी कपाळावर हात मारला. "चांगली काढलीस? आगं पोरगी घरात तेच शिकती. तिला इचारायचं तरी!"

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "तिला कुठं इचारत बसू? तिला आभ्यास आसतो."

मी समोर बसले होते. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही, मुद्दाम. आजवर आई माझ्यासाठी खोटं बोलली असेल तर बोलली असेल, पण माझ्यासमोर, स्वतःच्या अंगावर घेऊन, तेही जी एक गोष्ट तिला हवी होती ती घालवून!

"विचारलं होतं," मी म्हटलं.

दादांचा हात थांबला.

"श्रावणातच विचारलं होतं तिनं. हातावर घेऊन आली होती. मी वेणी घालत होते. न बघता सांगितलं, रोग आहे, काढून टाक."

दादा चांगले रागीट होते. मला वाटलं, आता ताट उडतंय. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "आन् तू मला खोटं सांगत व्हतीस?"

"परीक्षा चालू हाय तिची," आई म्हणाली.

दादांनी कोरड्यास ओरपलं, भाकरी संपवली, हात धुतले. मग उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "तुझ्या हातनं न्हाई जमलं तर बुजवीन म्हणलो व्हतो. तुझ्या हातनं चुकलंच न्हाई, तर बुजवू कसा? बराक तशी बी चैतात लागती. सुतार थांबंल." आणि जाता जाता मला, "कालेजात फी माफ हाय म्हणून बरं, राव!"

पुढं काय झालं तेही सांगते. खड्डा राहिला. चुलतीच्या हौदातनं दोन मुठी परत आणल्या, त्या देताना तिनं गावभर जी काय जाहिरात केली ती विचारू नका. कॉलेजातली पोरगी गांडवळाला फसली, हे मला पुढं दोन वर्षं लेण्याद्रीच्या जत्रेतसुद्धा कुणीतरी ऐकवलं. शिवरात्रीला पहिलं पाटीभर खत निघालं. पुढं खड्ड्याचे तीन खड्डे झाले. बराक दादांनी विहिरीकडच्या अंगाला बांधली. कोंबड्यांची अंडी मात्र पुन्हा तशी झाली नाहीत. आता घरामागं सगळं सिमेंटचं आहे, जांभूळही नाही, आणि मला त्या चार बाय दहाच्या ओल्या काळोख्या जागेची इतकी आठवण येते की सांगायची सोय नाही. नातेवाईक म्हणतात, आठवायला दुसरं काही मिळालं नाही का हिला.

पण त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ राहिली. रविवार होता. आई खड्ड्याशी बसली होती आणि पहिल्यांदाच मीही तिच्या शेजारी बसले, हात शेणात घालून. ती मला एक-एक दाखवत होती. हे बघ, ही गाठवाली दोन-दोन चिकटून पडलेली असायची, एकाचं तोंड हिकडं, दुसऱ्याचं तिकडं. आणि ती जिथं असायची तिथंच हे पिवळे दाणे सापडायचे, बाजरीएवढे. तिनं एक दाणा माझ्या नखावर ठेवला. तो कोष होता. मी काढलेल्या आकृतीत तो नव्हताच, काचेवर काढायला विसरले होते.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आई, म्हणजे तुला सगळं दिसत होतं! ती आजारी नाहीत हे तुला कळायला हवं होतं. कांद्याला नुसतं बोट लावून ओळखतेस तू. मग माझं कशाला ऐकलंस? मी तर बघितलंसुद्धा नव्हतं."

"ठावं हाय की," आई म्हणाली. "तू बघितलं न्हाईस, हे मी बघितलं व्हतं. पर म्हणलं, शिकलेल्या माणसाला न बघता बी कळत आसंल."